आधी ‘स्टार ट्रेक’ बघावी की ‘स्पेस: १९९९’?

जुन्या विज्ञान-मालिका बघायला घ्यायच्या आहेत आणि निवड ‘स्टार ट्रेक’ (१९६६ ते ६९, ७९ भाग) आणि ‘स्पेस: १९९९’ (१९७५ ते ७७, ४८ भाग) या दोघींपाशी येऊन अडली असेल, तर आधी एवढंच ठरवा: तुम्हाला कथेतला पेच जास्त ओढतो की पडद्यावरचं यान? दोन्ही मालिकांत दोन्ही आहे, पण सारख्या प्रतीचं नाही.

‘स्टार ट्रेक’चे उत्तम पेच यानांच्या मर्यादांमधूनच निघतात. डिसेंबर १९६६ मधला ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग घ्या. शत्रूचं, म्हणजे रोम्युलन लोकांचं, यान अदृश्य होतं, पण त्यात इतकी ऊर्जा जाते की हल्ला करायचा तर त्याला आधी दिसावंच लागतं. त्याचा प्लाझ्माचा गोळा भक्कम चौक्या उद्ध्वस्त करतो, पण लांब जाता जाता विरत जातो. हे दोन नियम आपल्याला कप्तान कर्कच्या बरोबरीनेच कळतात. गोळा अंगावर येतो तेव्हा कर्क आपलं यान, एंटरप्राइझ, मागे मागे नेत त्याचा जोर ओसरू देतो. पुढे दोन्ही यानं निपचित पडून एकमेकांचा कानोसा घेत राहतात आणि ऐन वेळी दुरुस्ती करणाऱ्या, कर्कच्या हाताखालच्या स्पॉकचा हात चुकून एका कळीवर पडतो. तेवढ्यावर शत्रूला ठावठिकाणा लागतो. इथे लेखकाने आपल्यापासून काहीही लपवलेलं नाही, म्हणून हा भाग पुन्हा पाहिला तरी रंगतो.

सगळीकडे असं नाही. ‘द एनिमी विदिन’मध्ये ट्रान्सपोर्टर, म्हणजे माणसांना यानातून थेट ग्रहावर पोचवणारं यंत्र, बिघडतो आणि एंटरप्राइझचा चालक सुलू साथीदारांसह गोठत्या ग्रहावर अडकतो. मग छोटं यान पाठवून त्यांना वर का आणत नाहीत? याचं उत्तर कथेत नाही, निर्मितीच्या खर्चात आहे. ते छोटं यान तोवर बनलंच नव्हतं, ‘गॅलिलिओ’ पडद्यावर आलं ते नंतरच. मुळात ट्रान्सपोर्टर सुचला तोही दर भागात यान ग्रहावर उतरवण्याचा खर्च टाळण्यासाठी.

एंटरप्राइझचा आराखडा मॅट जेफ्रीज यांचा. ते स्वतः विमान चालवत, आणि ते आराखड्यात दिसतं. इंजिनं अफाट ताकदीची, तेव्हा ती माणसांपासून लांब, दोन दांड्यांवर. बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत, कारण अंतराळात बाहेर जाऊन दुरुस्ती कशाला करायची? सगळी यंत्रं आत. चित्रीकरणातली ११ फुटी प्रतिकृती आज वॉशिंग्टनच्या हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे.

तरीही नुसतं यान बघायचं असेल, तर माझं मत ‘स्पेस: १९९९’च्या ईगलला. ब्रायन जॉन्सन यांचं हे यान कामाचं यान वाटतं: पुढे चालकांची केबिन, मागे चार इंजिनं, मध्ये नळ्यांचा उघडा सांगाडा आणि त्यात बसणारा, हवा तेव्हा बदलता येणारा डबा. कधी प्रवासी, कधी सामान. मोठी प्रतिकृती साडेतीन फुटांहून थोडीच मोठी, पण चंद्रावरची धूळ उडवत ती उठते तेव्हा तिचं वजन जाणवतं.

कथेचं मात्र अवघड आहे. १३ सप्टेंबर १९९९ रोजी चंद्रावर साठवलेल्या अणुकचऱ्याचा स्फोट होतो आणि तळावरच्या ३११ माणसांसकट चंद्र कक्षेबाहेर फेकला जातो. एवढ्या धक्क्याने चंद्राचे तुकडे झाले असते, आणि न होता तो निघालाच असता तरी पुढचा तारा गाठायला हजारो वर्षं लागली असती. ‘ब्लॅक सन’ या भागात कृष्णविवरातून सुटका होते ती कुणाच्या डोक्यामुळे नव्हे, एका गूढ शक्तीमुळे. भाग सुंदर आहे, पण त्यात सोडवण्यासारखं काही नाही. दुसऱ्या पर्वात तर तळावरचे शास्त्रज्ञ प्राध्यापक बर्गमन पडद्यावर एका शब्दाचाही खुलासा न होता गायब होतात. त्या पर्वाचे निर्माते फ्रेड फ्रायबर्गर. ‘स्टार ट्रेक’चं तिसरं, शेवटचं पर्वही त्यांच्याच हातचं.

म्हणून सुरुवात ‘स्टार ट्रेक’पासून करा, पहिली दोन पर्वं सलग. मग ‘स्पेस: १९९९’चं फक्त पहिलं पर्व घ्या, आणि त्यातला ‘ड्रॅगन्स डोमेन’ चुकवू नका. सोडून दिलेल्या यानांच्या त्या स्मशानात एक राक्षसी जीव आहे, पण एकाही उपकरणावर त्याची नोंद होत नाही. त्याच्या तावडीतून वाचलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार? या मालिकेत पेच आणि यान इतके एकजीव क्वचितच झालेत.