परभणी ते न्यू जर्सी : पाच महिने वापरलेला प्रवास विमा

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं नोव्हेंबरात अमेरिकेला गेलो आणि एप्रिलात परत आलो. जायच्या आधी दोघांचा 150 दिवसांचा प्रवास विमा काढला होता. आता जुलै लागला, पेरण्या उरकल्या, तरी आमचा एक क्लेम अजून लोंबकळतोच आहे. तेवढ्यात कॉलनीतली तीन घरं मुलांकडं जायला निघालीत आणि दिवसाआड कुणीतरी विचारतं, "काकू, तुम्ही कोणती पॉलिसी घेतली होती?" कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही. त्याच कंपनीच्या तीन पॉलिसी तीन तऱ्हेच्या असतात, आणि तुमच्या घरचं दुखणं आमच्यासारखंच असेल असंही नाही. म्हणून आमच्या बाबतीत काय घडलं ते सांगते.

आमची वयं आधी सांगायला हवीत, कारण सगळं गणित तिथूनच सुरू होतं. मी 63, हे 67. मला गुडघ्यांशिवाय काही नाही. यांना अकरा वर्षांपासून बीपी, रोजची एक गोळी.

विमा ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला नवी नाही. पीक विमा भरला नाही असं शेतकऱ्याचं घर आमच्याकडं सापडणार नाही. 2023 च्या खरिपापासून दोन वर्षं तर तो एका रुपयातच होता. तेव्हा वावरात पाणी साचलं की 72 तासांत कळवायचं, फोटो काढायचा, पंचनाम्याची वाट बघायची, आणि मग कळायचं की नुकसान आपल्या शिवारात आणि मोजणी महसूल मंडळाची. पाथरीकडच्या आमच्या सोयाबीननं हे सगळं यांना शिकवून ठेवलं होतं. पॉलिसी हातात आली तेव्हा हे पहिलं वाक्य बोलले, "रक्कम राहू दे, अटी कुठं लिहिल्यात ते दाखव." मी हसले होते.

आधी एक गैरसमज. इथला मेडिक्लेम सहसा देशाबाहेर चालत नाही. जावयाच्या नोकरीतला विमा बायको-लेकरांचा, सासू-सासऱ्यांचा नाही. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला विमा सक्तीचा नाही. मुंबईला मुलाखतीत आम्हाला कुणी त्याबद्दल विचारलंही नाही. युरोपचं तसं नाही. शेंगेन व्हिसाला किमान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवावंच लागतं. गंमत अशी की सक्ती आहे तिथं लोक बरोबर तेवढ्याच रकमेची स्वस्त पॉलिसी घेऊन मोकळे होतात, आणि सक्ती नाही त्या अमेरिकेत, जिथं दवाखाना सगळ्यात महाग, तिथं बिनविम्याचे जातात. आमच्या ओळखीतले एक जण म्हणालेच, "पाच महिन्यांत काय होतंय?" देवगिरी एक्स्प्रेसच्या तिकिटावर 45 पैशांचा विमा न चुकता टिक करणारा माणूस हा.

निवडताना जावयानं दोन रस्ते समोर ठेवले. एक भारतातल्या कंपनीची पॉलिसी, निघण्याआधी घ्यायची. दुसरा, अमेरिकेतल्या कंपन्या पाहुण्यांसाठी विकतात तो विमा. त्यातही दोन जाती. एकात प्रत्येक उपचाराला ठरलेली रक्कम मिळते, वरचं सगळं तुमच्या खिशातून. हा स्वस्त, आणि याच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत. दुसऱ्यात सुरुवातीची ठरावीक रक्कम आपण भरायची, पुढचा खर्च कंपनी मर्यादेपर्यंत उचलते. तो बराच महाग निघाला. आम्ही भारतीय कंपनी घेतली, एक लाख डॉलरची. दोघांचे मिळून तीस हजारांच्या वर गेले. भांडायची वेळ आली तर आपल्या भाषेत, आपल्या राज्यात भांडता येईल, हा त्यातला माझा विचार. तो बरोबर होता की नाही ते पुढं येईलच.

फॉर्म भरताना एजंटचा फोन आला. "काकू, बीपी लिहू नका. उगाच फाटे फुटतात." मुलगा चांगला, आमच्या शाळेतलाच विद्यार्थी, मनात वाईट काही नव्हतं. पण तीस वर्षं पोरांना खोटं लिहू नका सांगितलं आणि आता स्वतः लिहायचं? मी गोळीच्या नावासकट बीपी लिहिलं. या एका ओळीनं पुढं आम्हाला एकदा तारलं आणि एकदा अडवलं.

प्रमाणपत्र दोन पानांचं येतं. त्यावर ठळक अक्षरात एक लाख डॉलर. अटींचं पुस्तक वेगळं, चाळीसच्या वर पानांचं, आणि ते ईमेलच्या तळाशी कुठंतरी जोडलेलं असतं. साठीच्या पुढच्या माणसाला त्या पुस्तकात पोटमर्यादा असतात. आमच्या पॉलिसीत दवाखान्याच्या खोलीला दिवसाला 1500 डॉलर, रुग्णवाहिकेला 400 डॉलर, शस्त्रक्रियेला वेगळा आकडा. म्हणजे लाखाची कणगी, पण आतून खणाखणात वाटलेली. एका खणातलं संपलं तर दुसऱ्यातलं काढता येत नाही. शिवाय प्रत्येक दुखण्याला पहिले 100 डॉलर आपले. पोटमर्यादा नसलेल्या पॉलिसीही असतात, थोड्या महाग. तेव्हा मला विचारायचंच सुचलं नाही.

पहिला क्लेम बॅगेचा, आणि तो इतका सरळ झाला की आम्ही निर्धास्त झालो. एक बॅग मागं राहिली, दुसऱ्या दिवशी घरी आली. बारा तासांच्या वर उशीर झाला तर पैसे, अशी अट. विमानतळ सोडण्याआधी जावयानं एअरलाइनच्या काउंटरवरून पीआयआर नावाचा तक्रारीचा कागद घेतला. त्या कागदाशिवाय काहीच मिळत नाही. स्वेटर आणि चपलांच्या पावत्या लावल्या, पैसे आले. परतीच्या प्रवासात बॅग अडकली असती तर मात्र आमच्या पॉलिसीत शून्य.

डिसेंबरात नात झाली. सगळं आनंदात चाललं होतं. जानेवारीत हे सकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर गेले. बर्फ वितळून परत गोठलं की फरशीवर काचेसारखा थर राहतो, तो दिसतच नाही. परभणीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला काय कळणार? घसरले, उजव्या मनगटावर सगळा भार आला.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, आमचे शेकडो डॉलर तिनं वाचवले. तिथं अर्जंट केअर म्हणून छोटे दवाखाने असतात. अपॉइंटमेंट न घेता जायचं, एक्स-रे तिथंच, बिल आवाक्यात. आणि मोठ्या दवाखान्यातली इमर्जन्सी रूम वेगळी, तिचं बिल कितीतरी पट. मनगट मोडलं, ताप आला, पोट बिघडलं तर अर्जंट केअर. छाती, श्वास, बेशुद्धी, अर्धांगाची शंका आली तर मात्र विचार न करता इमर्जन्सी. जावयानं निघायच्या आधीच पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन लावून केस नंबर घेतला. हे म्हणाले, "बहात्तर तासांचं पक्कं करून टाकलं म्हण की."

हाड मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर. अर्जंट केअर, हाडांचे डॉक्टर, तीन फेऱ्या मिळून 1900 डॉलरच्या आसपास. कॅशलेस म्हणून पॉलिसी घेतली होती, पण रिसेप्शनवरच्या बाईंनी आमचं कार्ड उलटंसुलटं बघून परत दिलं आणि जावयाचं क्रेडिट कार्ड मागितलं. दवाखान्यात भरती झालात तर कॅशलेसची व्यवस्था होते म्हणे. बाहेरच्या बाहेर उपचारांना खिशातूनच भरावं लागतं, असा आमचा अनुभव.

मग कागद. साधी पावती चालत नाही. डॉक्टरांच्या बिलाला सीएमएस-1500 नावाचा फॉर्म लागतो, मोठ्या दवाखान्याच्या बिलाला यूबी-04. हे तिथल्या बिलिंग ऑफिसला मागितले की मिळतात, पण आपणहून कुणी देत नाही. त्यासोबत डॉक्टरांच्या नोंदी, पासपोर्टची पानं, बोर्डिंग पास, आय-94 ची, म्हणजे अमेरिकेत शिरल्याच्या सरकारी नोंदीची, प्रिंट आणि इथल्या बँकेचा रद्द केलेला चेक. बोर्डिंग पास आम्ही नातीच्या आठवणींच्या वहीत चिकटवायला ठेवले होते म्हणून सापडले.

सात आठवड्यांनी पैसे इथल्या खात्यात रुपयांत जमा झाले. 100 डॉलर वजा, आणि फिजिओथेरपीचे पूर्ण वजा. ती आमच्या पॉलिसीत बसत नव्हती. मध्ये कंपनीनं विचारलं होतं की पडण्याआधी चक्कर आली होती का, बीपीचा इतिहास आहे का. फॉर्मवर आधीच लिहिलेलं होतं, लपवलेलं काही सापडलं नाही, प्रश्न तिथंच मिटला. एजंटचं ऐकलं असतं तर मनगटाचेही पैसे अडकले असते.

आता दुसरी बाजू.

फेब्रुवारीत रात्री दोनला यांना गरगरायला लागलं. छातीत जड वाटतंय म्हणाले. लेक ओली बाळंतीण, ती रडायला लागली. जावयानं गाडी काढली आणि सरळ इमर्जन्सी. बीपी 200 च्या वर. ईसीजी, रक्त, डोक्याचा सीटी स्कॅन. सहा तासांनी सांगितलं, हृदय ठीक आहे, गोळी बदला, घरी जा. मी देवाला हात जोडले.

पुढचे दोन महिने पाकिटं येत राहिली. दवाखान्याचं एक, इमर्जन्सीच्या डॉक्टरांचं दुसरं, सीटी वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टचं तिसरं. एकाच रात्रीचे तीन धनी. बेरीज 6,400 डॉलर. फोनवर कळवलं होतं, कागद सगळे लावले, आणि आम्ही परत आल्यावर मे महिन्यात उत्तर आलं: क्लेम नामंजूर.

कारण वाचण्यासारखं आहे. आधीपासूनचा आजार पॉलिसीत बसत नाही. फक्त जिवावर बेतलं तर, तेही ठरावीक रकमेपर्यंत, मिळतं. यांच्या डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलं होतं 'हायपरटेन्सिव्ह अर्जन्सी'. वैद्यकाच्या भाषेत बीपी खूप चढलं पण अवयवांना इजा झाली नाही, तर ती अर्जन्सी. इजा झाली तर इमर्जन्सी. कंपनी म्हणते, बघा, तुमच्याच डॉक्टरांनी लिहिलंय, जिवावर बेतलं नव्हतं. अहो, पण ते सकाळी आठला कळलं! रात्री दोनला, छाती धरून बसलेल्या माणसाला, आधी तपासणी करून मग दवाखान्यात जा असं सांगायचं का?

रागात असले तरी एक कबूल करते. हे कलम पुस्तकात होतं. मी ते परभणीत, पंख्याखाली बसून वाचलं होतं आणि 'जिवावर बेतलं तर' या शब्दांवर समाधान मानलं होतं. ते ठरवणार कोण आणि कधी, हे विचारलं नाही. हा विमा अचानक येणाऱ्या दुखण्याचा. आपण सोबत नेलेल्या दुखण्याला तो फार तर दारापर्यंत सोडायला येतो. बीपी-शुगरवाल्यांनी खरेदीच्या आधी हा एकच प्रश्न ईमेलवर विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावं. फोनवर "हो काकू, सगळं कव्हर होतंय" याला अर्थ नाही.

पैशांचं म्हणाल तर जावयानं बिलिंग ऑफिसला फोन करून सांगितलं की विमा मिळाला नाही, स्वतः भरणार आहोत, कमी करा. तिथं हे चालतं, हे मला माहीत नव्हतं. भाजी मंडईत करतो तशी घासाघीस करून 3,900 वर आणलं.

बाकी बारीकसारीक. माझी दाढ दुखली, तर फक्त तातडीच्या कळेपुरते पैसे होते, तेही थोडे. लवंग धरून दिवस काढले. चष्मा फुटला, तो नाहीच. औषधं पाच महिन्यांची प्रिस्क्रिप्शनसकट नेली होती, ते फार बरं केलं.

मुदतवाढीचं मात्र चुकलं. लेक म्हणाली अजून तीन आठवडे राहा. पॉलिसी संपायच्या आधी अर्ज केला, तर प्रकृती उत्तम असल्याचं आणि क्लेम नसल्याचं लिहून द्या म्हणाले. आमचे तर दोन क्लेम चालू. वाढ मिळाली नाही, आणि त्या फेब्रुवारीनंतर यांना बिनविम्याचं ठेवायची माझी हिंमत नव्हती. ठरल्या तारखेला परतलो. थोडे पैसे जास्त गेले असते तरी सुरुवातीलाच 180 दिवसांची घ्यायला हवी होती.

परत गेलो तर काय घेऊ? माझ्यासाठी हीच, भारतीय. यांच्यासाठी अमेरिकेतली, दुसऱ्या जातीची, महाग असली तरी, आणि त्यातलंही जुन्या आजाराचं कलम आधी वाचून. एका घरात दोन वेगळ्या पॉलिसी असायला काही हरकत नाही; जोडप्यानं एकच घ्यावी असा नियम नाही.

नामंजुरीवर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहिलं, तीन आठवड्यांत तेच उत्तर आलं. त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडं अर्ज केला. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतची प्रकरणं तिथं चालतात. कंपनीनं नकार दिला, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की वर्षाच्या आत जाता येतं, आणि सुनावणी व्हिडिओवरही होऊ शकते. अर्जात मी एकच मुद्दा धरलाय, की रात्री दोनला काय दिसत होतं ते बघा, सकाळी आठला काय निघालं ते नको.

तारीख अजून आलेली नाही. हे रोज सकाळी चहाच्या आधी बीपी मोजून वहीत वेळेसकट लिहितात. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाले, "पंचनाम्याला लागतं."