दोन माद्यांची 'जोडी' आणि माझे 2,13,000 रुपये

आकडा आधीच सांगून टाकते. 2,13,000 रुपये. यातले 1,50,000 मुदत ठेव मोडून आणि 63,000 भिशीचे. नवऱ्याला पहिले दोन महिने 63,000 ठाऊक नव्हते. आता अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहेत.

फसवणुकीचा साचा तुम्हाला माहीत आहे. आम्ही सेटअप लावून देतो, आम्हीच मासे देतो, तुम्ही घरबसल्या पिल्लं काढा, पिल्लं आम्हीच विकत घेतो. कधी कोंबडी, कधी इमू, माझ्या वेळी डिस्कस नावाचे शोभेचे मासे. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. 2019 मध्ये कडकनाथ कोंबड्यांचा फुगा फुटला तेव्हा माझा सख्खा चुलतभाऊ त्यात पोळला होता आणि मी त्याला फोनवर म्हटलं होतं, "दादा, तू शिकलेला ना रे?" ते वाक्य आता दर भाऊबीजेला मला परत मिळणार आहे.

मी अगदीच अडाणी नव्हते, हे मला लिहायचंच आहे. घरात दहा वर्षं काचेची टाकी आहे. गप्पी, मॉली, प्लॅटी यांची पिल्लं मी बादल्यांनी वाढवून वाटली आहेत. पण गप्पीत नर-मादी लांबूनही ओळखू येतात. डिस्कसमध्ये एरवी ओळखता येत नाहीत, आणि नेमकं तिथेच मला गाठलं.

फेब्रुवारी 2025 मध्ये तो माणूस घरी आला. गोड बोलणारा, "मॅडम" "मॅडम" करणारा. बाल्कनीला लागून असलेली आमची जादा खोली त्याने टेपने तीनदा मोजली. माझी जुनी टाकी बघून म्हणाला, "मॅडम, तुम्हाला मी काय शिकवणार, तुम्हीच मला शिकवाल." त्याच वाक्याचे मी 2,13,000 मोजले असं आमचे हे म्हणतात. खोली मोजली, पण पाणी मोजलं नाही. आम्ही पुण्याच्या कडेला, टँकर आणि बोअरवर जगणारी माणसं. नंतर मी स्वतः मीटर बुडवला तेव्हा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 640 निघाला. डिस्कसला अंड्यांसाठी मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं; जड पाण्यात अंडी नीट फळत नाहीत. पैदाशीचा धंदा करणारा माणूस घरात शिरला की आधी नळापाशी जातो. हा टेप घेऊन भिंतीपाशी गेला.

मग कॅल्क्युलेटर. सहा जोड्या, महिन्याला एका जोडीची हाती लागणारी 80 पिल्लं, एका पिल्लाला 180 रुपये, म्हणजे महिना 86,400. वर सरकारी योजना. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागच्या शोभिवंत मासे संगोपनाच्या युनिटचा खर्च 3 लाख धरला आहे आणि महिलांना 60 टक्के अनुदान आहे. हे खरं आहे, तपासून बघा. म्हणून तर त्याची भूल पडते. "मॅडम, 1,80,000 परत येणार, म्हणजे तुमच्या खिशातून फक्त 33,000." मी कॉमर्सची पदवीधर आहे. तरी मान डोलावली.

हिशेब असा: ट्रेनिंग फी 11,000 (ट्रेनिंग म्हणजे दोन तासांचा चहा). बारा टाक्या आणि दोन रॅक 78,000. आरओ मशीन, एअर पंप, हीटर, स्पंज फिल्टर 31,500. अनुदानाची फाइल करायला 8,500. सहा "सिद्ध" जोड्या, 14,000 ला एक, म्हणजे 84,000, आणि हे रोख. "ब्रीडर रोखच घेतो, मॅडम." पावती नाही. माशांसाठी रोख मागितली की तिथूनच उठा. बाकीचं पुढे वाचलं नाहीत तरी चालेल.

आता तो क्षण. रोज रात्री मी तिथेच परत जाते.

शनिवारी टाक्या भरल्या आणि रविवारी मासे येणार होते. टाकी ठेवणाऱ्या कुणालाही कळेल की हे चूक आहे. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, तो पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला चार ते सहा आठवडे जातात. हे मी स्वतः शेजारच्या मुलाला समजावलंय, त्याचे गोल्डफिश मेले तेव्हा! मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "बरोबर विचारलंत मॅडम. पण आपण फार्मवर दोन महिने चालवलेले स्पंज आणतोय. पिकलेले." हेही खरं आहे. चालू टाकीतला पिकलेला स्पंज लावला तर नवी टाकी लगेच चालते. पिकलेला स्पंज तपकिरी असतो, ओला असतो, त्याला तळ्याच्या गाळाचा वास येतो.

माझ्या घरी खोका आला. आत बारा स्पंज, प्रत्येक स्पंज कोऱ्या प्लास्टिकमध्ये, वर छापील पुठ्ठा. कोरडे, काळे कुळकुळीत. ते प्लास्टिक मी कापलं. स्वयंपाकघरातल्या कात्रीने. बारा वेळा. बाराही वेळा माझ्या हाताला कळत होतं आणि तोंड म्हणत होतं, "चहा घेणार ना?" मागे उभ्या सासूबाई म्हणाल्या, "नवीन दिसतात गं." मी म्हटलं, "आई, तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

पहिल्या तीन आठवड्यांत बारापैकी पाच मासे गेले. अमोनियाच्या टेस्टमध्ये पाणी पिवळं राहायला हवं, माझं हिरवंगार. त्यात बोअरचं पाणी अल्कधर्मी, त्यात अमोनिया जास्तच जहाल होतो. मी रोज निम्मं पाणी बदलत होते. आरओतून एक बादली चांगलं पाणी निघायला तीन बादल्या वाया जायच्या, तेही टँकरचं विकतचं पाणी. वीजबिल 1,140 वरून 4,870 वर गेलं, कारण बारा हीटर. सासूबाई एकदा शांतपणे म्हणाल्या, "आपल्याकडे गिझर बंद ठेवायचा आणि माशांना गरम पाणी." काय बोलणार?

उरलेल्या सातांपैकी एका जोडीने मे महिन्यात कोनावर, म्हणजे अंड्यांसाठी टाकीत ठेवतात त्या शंकूवर, अंडी घातली. मी देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी, बुरशी. त्याला फोटो पाठवला. "नवीन आईबाप आहेत मॅडम, पहिल्या दोन-तीन वेळा असं होतंच." पुन्हा खरं! नव्या जोड्या खरंच पहिल्या खेपा वाया घालवतात, स्वतःची अंडी खातातसुद्धा. या माणसाची प्रत्येक थाप एका खऱ्या गोष्टीच्या कडेवर बसून यायची. दुसरी खेप पांढरी. तिसरी पांढरी. चौथ्या वेळी फोन उचलणं बंद.

जूनमध्ये मधल्या फळीवरची टाकी गळायला लागली. दीड फूट लांब-रुंद-उंच टाकीत नव्वद-एक लिटर पाणी असतं. खालच्या मजल्यावरच्या काकांच्या छताला ओल आली तेव्हा कळलं की बारा टाक्या म्हणजे मी एक टनाहून जास्त पाणी घरात उभं केलंय. टाक्या बांधणारा एक पोरगा आणला. त्याने जाडी मोजायला काचेला व्हर्नियर लावला. कोटेशनमध्ये 6 मिलिमीटर, प्रत्यक्षात 4. माळ्यावर त्या लोकांनी टाकलेली सिलिकॉनची रिकामी नळी त्याला सापडली. "काकू, हे बाथरूमचं आहे. बुरशी धरू नये म्हणून यात औषध असतं, ते माशांना बाधतं." सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारं साधं, बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन लागतं, आणि जुन्यावर नवं थापून चालत नाही, ब्लेडने सगळं खरवडायचं, नवं भरायचं, दोन दिवस कोरडं ठेवायचं. एका टाकीचे त्याने 600 रुपये घेतले. या सगळ्या प्रकरणात माझे तेवढेच पैसे सत्कारणी लागले.

आणि मग जाता जाता तो थांबला. संध्याकाळचे पाच वाजले होते, ती जोडी कोनावर होती. त्याने बराच वेळ बघितलं. "काकू, या दोन्ही माद्या आहेत."

अंडी घालायच्या वेळीच डिस्कसच्या पोटाखाली नळी दिसते. मादीची जाड आणि बोथट, नराची बारीक आणि टोकदार. मी बघितलं. दोघींची जाड. एक वर सरकत अंड्यांची ओळ घालत होती, तिच्यामागे दुसरी नर येतो तशी आली आणि तिनेही ओळ घातली. नर नसला की दोन माद्या जोडी जमवतात, कोन साफ करतात, अंडी घालतात, पंखांनी वारा घालत राखतात. बघणाऱ्याला वाटतं, किती छान संसार! माझ्याकडे मे महिन्यापासून व्हिडिओ होते. मी ते माहेरच्या ग्रुपवर टाकले होते.

म्हणून सांगते, "सिद्ध जोडी" विकत घेत असाल तर ती विकणाऱ्याच्या टाकीत, अंगावर पिल्लं चिकटलेली असताना बघा. डिस्कसची पिल्लं पहिले काही दिवस आईबापांच्या अंगावरचा चीक खातात. ते दृश्य सहज खोटं करता येत नाही. पिशवीतून आलेली जोडी ही जोडी नसते, दोन मासे असतात. तळहाताएवढाही न झालेला मासा पूर्ण रंगात झळकत असेल तर रंगासाठी हार्मोन दिल्याचा संशय घ्या.

करार 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर होता. काय तो रुबाब. आत कलम: पिल्लं दोन इंचांची, एका खेपेला किमान 100, "कंपनीच्या निकषांनुसार ए ग्रेड". निकष कुठेच लिहिलेले नाहीत. म्हणजे उद्या मी टाकीभर पिल्लं काढली असती तरी त्याला नकोच म्हणता आलं असतं.

आता दारोदारचं ऐका. अनुदानाच्या फाइलचं काय झालं ते विचारायला सरकारी कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी संगणकात पाहिलं. "तुमच्या नावाने अर्जच नाही." मी 8,500 ची गोष्ट सांगितली. "ताई, अर्जाला एजंट लागतच नाही. आणि मंजुरीआधी काम केलेलं धरत नाहीत." मग बाहेर एवढी पत्रकं वाटली जातात, त्यावर हे मोठ्या अक्षरात का छापत नाही? त्यावर बाईंकडे उत्तर नव्हतं, जेवणाची सुटी होती.

पोलीस ठाण्यात पहिल्यांदा: अर्ज ठेवून जा. दुसऱ्यांदा: साहेब गणपतीच्या बंदोबस्तात आहेत. तिसऱ्यांदा एका हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं, मग पलीकडच्या टेबलावर ओरडून सांगितलं, "मासे मेले म्हणून तक्रार आहे!" हशा. मी म्हटलं, मासे मेले म्हणून नाही, पैसे खाल्ले म्हणून. "बाई, करार आहे ना? मग हे दिवाणी. कोर्टात जा." मी चारशेवीस म्हणाले तर मलाच सुधारलं, "ते आता राहिलं नाही, 318 झालं." कलम तोंडपाठ, पण लावायचं नाही. 84,000 रोख दिल्याचा पुरावा काय, हा त्यांचा प्रश्न मात्र रास्त होता आणि त्याने मी जास्त चिडले. सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर "माणूस प्रत्यक्ष घरी आला होता ना, मग हे ऑनलाइन फसवणुकीत बसत नाही." बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. म्हणजे चोर घरात चहा पिऊन गेला तर तो कुणाच्याच खात्यात बसत नाही!

ठाण्यात नोंद घेत नसतील तर तीच तक्रार लेखी, टपालाने, वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम 173 मध्ये ती सोय आहे. हे मला वकील मैत्रिणीने सांगितलं, कुठल्याही खिडकीवर कुणी सांगितलं नाही. पोच जपून ठेवली आहे. ग्राहक आयोगाकडेही अर्ज केलाय. दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत करावा लागतो. समोरचा म्हणेल की तुम्ही धंद्यासाठी घेतलं, तुम्ही ग्राहकच नाही. ऐकू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू कायद्याने व्यापारी हेतूत मोजत नाहीत. माझी नोटीस मात्र परत आली. करारावरच्या पत्त्यावर आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पत्ता सही करण्याआधी स्वतः जाऊन बघायचा असतो, फाटकापासून नाही, आत जाऊन.

मागच्या आठवड्यात भाच्याच्या फोनवरून त्या माणसाच्या नव्या नंबरावर "माहिती हवी" म्हणून मेसेज टाकला. पाच मिनिटांत फोटो आला: "आमच्या पुण्याच्या यशस्वी उद्योजिका." दोन रॅक, बारा टाक्या, मागे मोरांचा हिरवा पडदा. पडदा माझा आहे. तो फोटो तुम्हाला आला तर समजून घ्या. पाच टाक्या भंगारवाल्याने 900 रुपयांना नेल्या, एकीत त्या दोघी आहेत, आणि बाकीच्यांत सासूबाईंनी कांदे-बटाटे भरून ठेवलेत.