एक लिटरचा स्टीलचा थर्मास : पलटणीत वापरून पाहिला

मी मराठा लाइट इन्फंट्रीत लेफ्टनंट आहे. हा थर्मास बेळगावच्या बाजारातून घेतला तो रात्री पहाऱ्यावर असणाऱ्या पोरांसाठी.

सकाळी पीटी, मग फायरिंग किंवा रूट मार्च, परतल्यावर प्रत्येकाचे पाय बघायचे, कुणाचा रजेचा अर्ज, कुणाच्या घरची पैशांची ओढाताण. थर्मासचं काम त्यानंतर. लंगरमधून आल्याचा चहा उकळता भरून घेतो. मध्यरात्रीनंतर गार्ड तपासायला गेलो की झाकणात ओततो. चांगली वाफ येते. पोरगा हातमोजे काढून आधी बोटं शेकतो, मग पितो. पहाटे स्टँड-टूपर्यंत, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन सज्ज उभे राहतात तोवर, मात्र चहा कोमट होतो. खोक्यावरच्या ‘चोवीस तास गरम’वर कडाक्याच्या थंडीत विसंबू नका. आधी उकळतं पाणी भरून पाच मिनिटं ठेवा, ओतून द्या, मग चहा भरा. बराच फरक पडतो.

मोठी खोड झाकणाच्या रबराची. दुधाचा वास धरतो आणि रोज काढून धुतला की सैल पडतो. सुटा रबर मागितला तर दुकानदाराने अख्खं झाकणच घ्यायला लावलं.

‘‘साहेब, आधी तुम्ही घ्या,’’ पोरं म्हणतात. पण आम्ही अधिकारी जिथे घडतो त्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीतल्या चेटवुड हॉलमध्ये लिहिलंय : देश पहिला, मग हाताखालची माणसं, आपण शेवटी. चहालाही तेच लागू. एका लिटरात जेमतेम सहा-सात पेले होतात, सेक्शनला, म्हणजे पलटणीतल्या सगळ्यात छोट्या तुकडीलाही, पुरत नाहीत. दीड लिटरचा मिळाला तर तोच घ्या.