कन्व्हर्टर 'साफ' करून घेतला आणि रिकामा डबा पदरात पडला

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर माझ्या २०१६ च्या पेट्रोल गाडीचा पिकअप एकाएकी गेला आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागला. परत आल्यावर घराजवळच्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली, तेव्हा मेस्त्रींनी इंजिन दोनदा रेस करून सांगितले, "साहेब, कॅट जाम झालाय. नवा टाकू नका, मी काढून साफ करून देतो." कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. नवा कन्व्हर्टर ५०,००० रुपयांच्या पुढे जाईल, असेही ते म्हणाले. त्यामुळे ३,५०० रुपयांत काम निभावते आहे, याचे मला समाधानच वाटले. संध्याकाळी त्यांनी वर्तमानपत्रावर काढून ठेवलेली मूठभर काजळी दाखवली. गाडी खरोखरच पूर्वीसारखी पळत होती. बिलावर 'सायलेन्सर साफ' आणि त्याखाली 'कॉइल १' असे लिहिलेले होते; त्या दुसऱ्या ओळीकडे मी लक्ष दिले नाही.

चार महिन्यांनी पीयूसीला गेलो, तेव्हा गाडी नापास झाली. बीएस-४ या प्रदूषण मानकाच्या पेट्रोल गाडीला आयडलवर, म्हणजे उभ्या गाडीचे इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. माझ्या पावतीवर ०.८६ आले होते आणि आदल्या वर्षीच्या पावतीवर ०.०५ होते. बंद पार्किंगमध्ये डोळे चुरचुरतात, हे मधल्या काळात पत्नीने दोनदा सांगितले होते. ते मी मनावर घेतले नाही, याची मला आजही खंत वाटते.

दुसऱ्या वर्कशॉपमध्ये गाडी रॅम्पवर चढवून मेकॅनिकने कन्व्हर्टरवर रबरी हातोडी मारली, तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. डब्याच्या कडेने ताज्या वेल्डिंगची रेघ होती आणि ती दिसू नये म्हणून वरून चंदेरी रंग मारलेला होता. कन्व्हर्टर नीट काम करतो की नाही यावर लक्ष ठेवणारा मागचा ऑक्सिजन सेन्सर काढल्यावर त्याच्या बुडाशी नटासारखा एक जाड तुकडा मिळाला. सेन्सरचे टोक धुराच्या झोतापासून दूर राहावे आणि चेक इंजिनचा दिवा लागू नये, एवढ्यासाठीच तो बसवलेला होता. सेन्सरच्या भोकातून कॅमेरा आत घातला, तेव्हा आत जाळीचा कणही दिसला नाही.

त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा लेप असतो. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते याच जाळीसाठी. माझ्या बाबतीत चोरी दिवसाढवळ्या झाली आणि तिची मजुरीही मीच मोजली.

खरा बिघाड पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलचा होता; बिलावरची 'कॉइल १' ती हीच, आणि ती बदलल्यामुळेच गाडी पुन्हा पळू लागली होती. लुकलुकणारा दिवा बहुधा मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटल्याचा असतो. अशा वेळी न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि जाळी वितळू शकते, म्हणून तशी गाडी दामटू नये. वितळलेली जाळी धुऊन मोकळी होत नाही, आणि काही शे अंश तापमानाला काम करणाऱ्या पेट्रोल गाडीच्या कन्व्हर्टरमधून मूठभर काजळीही निघत नाही. कोणी 'जाम' म्हणाले, तर आधी स्कॅनरचा रिपोर्ट मागावा आणि कन्व्हर्टरच्या आधीच्या, म्हणजे पुढच्या सेन्सरच्या जागी गेज लावून धुराचा उलटा दाब मोजायला सांगावे. एक्झॉस्ट पूर्ण थंड असताना डब्यावर हलकेच ठोकल्यास फुटलेली जाळी खुळखुळते, हे मालकालाही तपासता येते. काम करायचेच ठरले, तर ते डोळ्यांसमोर करून घ्यावे आणि काढलेला भाग ताब्यात घ्यावा.

मी जाब विचारायला गेलो, तेव्हा "तो आधीपासूनच रिकामा होता" असे उत्तर मिळाले, आणि ते खोडून काढायला माझ्याकडे गाडीखालचा एकही फोटो नव्हता. आता नव्या कन्व्हर्टरच्या डब्यावर गाडीचा नंबर कोरून घेतला आहे, आणि प्रत्येक सर्व्हिसिंगच्या आधी त्या नंबराचा, जोडांचा आणि दोन्ही सेन्सरांचा फोटो काढल्याशिवाय मी चावी देत नाही.