पहिल्यांदा पोर्ट्रेट डिजिटल कलर करताय? रंग स्केचच्या खाली की वर

पेन्सिलने पोर्ट्रेट काढून झालंय, त्याचा फोटो घेतलाय आणि आता पहिल्यांदाच कलर करायचंय, तर अ‍ॅप कुठलं यावर फार डोकं घालवू नका. फोनवर आयबिस पेंट घ्या, लॅपटॉप असेल तर क्रिता, दोन्ही फुकट मिळतात. खरं ठरवायचंय ते हे की रंग स्केचच्या खाली भरायचा की वरून चढवायचा.

खालून भरायचा असेल तर स्केचचा लेयर (अ‍ॅपमधला पारदर्शक कागदासारखा थर) वर ठेवून त्याचा मोड (तो थर खालच्या थराशी कसा मिसळतो ती सेटिंग) मल्टिप्लाय करायचा, म्हणजे कागदाचा पांढरेपणा दिसेनासा होतो, रेषा तेवढ्या राहतात, आणि मग खाली चेहरा, केस, कपडे असे वेगवेगळ्या लेयरवर आधी सपाट रंग. त्यावर क्लिपिंग लेयर (खालच्या लेयरवर जिथे रंग आहे तेवढ्यातच दिसणारा) घेऊन सावल्या दिल्या की त्या चेहऱ्याबाहेर सांडत नाहीत. नुसत्या रेषांचं स्केच असेल तर हाच मार्ग, पण स्केचमध्ये पेन्सिलचं शेडिंग भरपूर असेल तर तो करडेपणा स्किनवर बसतो आणि चेहरा मळकट, आजारी दिसायला लागतो.

अशा वेळी स्केच खाली ठेवा आणि वरच्या लेयरचा मोड 'कलर' करा. हा मोड उजेड-अंधार खालच्या चित्रातून घेतो आणि फक्त रंग वरून, त्यामुळे तुमचं शेडिंग जसंच्या तसं कामी येतं, सुरकुत्या, डोळ्यांखालची सावली सगळं. अडचण एकच, अगदी पांढरा आणि अगदी काळा भाग रंग धरतच नाही, म्हणून आधी कागदाचा पांढरा थोडा करडा करून घ्यायचा. तरी रूप जुन्या स्टुडिओतल्या हाताने रंगवलेल्या फोटोसारखंच येतं, काहींना तेच आवडतं.

माझं मत विचाराल तर शिकायचं असेल तर खालूनच भरा, शेडिंगवालं स्केच असलं तरी नवीन लेयरवर स्वच्छ रेषा काढून घ्या, कारण उजेड कुठून येतोय हे तेव्हाच स्वतः ठरवावं लागतं. पण आजीचं पोर्ट्रेट आहे, शेडिंगवर मन लावून मेहनत घेतलीय आणि चेहरा त्याच्यामुळेच जुळलाय, तर ते पुसू नका हो, वरूनच रंगवा.

स्किनचं मात्र दोन्हीकडे सारखंच, सावलीसाठी काळा मिसळायचा नाही, तांबूस-तपकिरीकडे जायचं, आणि गाल, नाकाचा शेंडा, कान जरा लालसर ठेवायचे. फोटो दिवसा खिडकीजवळ काढा आणि रंगवायच्या आधी ब्लॅक अँड व्हाइट करून घ्या, नाहीतर बल्बचा पिवळेपणा मल्टिप्लायमधून थेट चेहऱ्यावर उतरतो.