बीबीप्रेस, आठ महिन्यांनंतर: बारा पिक्सेलचं भांडण

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजता मिरजेच्या काकूंचा फोन. "काय केलंत हो तुम्ही? अक्षरं परत मुंग्यांएवढी झालीत."

मी काहीच केलं नव्हतं. रात्रीतून बीबीप्रेसची, म्हणजे माझ्या साइटवर चर्चेची जागा चालवणाऱ्या प्रोग्रामची, नवी आवृत्ती आपोआप बसली होती आणि तिने माझी जून महिन्यापासूनची मेहनत पुसून टाकली होती. त्या रागातच लिहायला बसलो. लिहिता लिहिता राग निम्मा उतरला, कारण चूक निम्मी माझीच निघाली. ते पुढे येईल.

माझी वर्डप्रेसवर (साइट बनवायची फुकट प्रणाली) गच्चीवरच्या बागेची साइट आहे, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. ओल्या कचऱ्याच्या खतावरच्या एका लेखाखाली चारशेच्या वर प्रतिक्रिया साठल्या होत्या. त्यातच कोणी जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणाबद्दल विचारणार आणि त्याचं उत्तर साठ प्रतिक्रिया खाली सापडणार. व्हॉट्सॅप ग्रुपही करून पाहिला. तिथे निंबोळी अर्काचं प्रमाण सातव्यांदा विचारलं गेलं, तेव्हा ठरवलं की आता साइटवरच चर्चेची जागा करायची. खर्च शून्य हवा होता. बीबीप्रेस फुकट आहे, आणि खुद्द वर्डप्रेसवाल्यांचं आहे. वर्डप्रेसचा सहसंस्थापक मॅट मुलेनवेगने २००४ च्या अखेरीस वर्डप्रेसच्या स्वतःच्या मदत-चर्चेसाठी ते लिहिलं, आणि २०११ पासून ते प्लगिनच्या, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायच्या भागाच्या, रूपात मिळतं. म्हटलं, ज्यांनी केलं ते स्वतः वापरतात, मग वाईट काय असणार? ते मुख्यतः इंग्रजीत वापरतात, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

बसवायला दहा मिनिटं लागली. विभाग केले: माती-खत, कीड-रोग, भाजीपाला, फुलझाडं, इतर. 'इतर'मध्येच सगळं येतं, हा जगाचा नियम. ॲडमिनला आपोआप 'कीमास्टर' हे पद मिळतं. त्याचं भाषांतर मी 'किल्लेदार' केलं, त्यावर घरात आठवडाभर हसले. बाकी नोंदणी, सूचना, लांब चर्चेची वेगवेगळी पानं करणं वगैरे ठीक. एका पानावर १५ विषय आणि लिहिलेलं ५ मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येणं, हे मुळातले आकडे आहेत. दुसरा मी लगेच ६० केला. आमच्या लोकांना चष्मा शोधायलाच पाच मिनिटं लागतात.

आता मुद्द्यावर येतो. बारा पिक्सेल.

बीबीप्रेसच्या सीएसएसमध्ये, म्हणजे पान कसं दिसावं हे ठरवणाऱ्या फाइलमध्ये, चर्चेच्या सगळ्या चौकटीला अक्षराचा आकार १२ पिक्सेल दिलेला आहे. विभागाखालच्या वर्णनाला ११. तुमच्या थीममध्ये, म्हणजे साइटच्या रूपाच्या साच्यात, लेखाचं अक्षर कितीही मोठं असू द्या, चर्चेच्या पानावर पाऊल ठेवलं की ते बारावर येतं. रोमन अक्षराचं यात काही बिघडत नाही, ते एकमजली असतं. आपलं अक्षर तीन मजली. वर वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि पायमोडकी जोडाक्षरं. बारा पिक्सेलमध्ये तीन मजले बसवले की माळा आणि तळघर दोन्ही गायब. 'ट्रायकोडर्मा'चा रफार दिसेना. 'निंबोळी पेंड'वरचा अनुस्वार म्हणजे पडद्यावरची धूळ वाटून काकू तो बोटाने पुसायच्या. खोटं वाटेल, पण मी समोर बसून पाहिलंय.

आमचे निम्म्याहून जास्त सदस्य साठीच्या पुढचे आणि जवळजवळ सगळे फोनवरून वाचणारे. त्यांना "बोटांनी चिमटा काढून मोठं करा" सांगून किती दिवस चालणार?

जूनमध्ये मी काय केलं? प्लगिनच्या फोल्डरात गेलो, बीबीप्रेस डॉट सीएसएस ही फाइल उघडली, १२ दिसेल तिथे १७ केलं. काही फरक पडेना. कॅशे (साठवून ठेवलेली जुनी पानं) साफ केली, ब्राउझर बदलला, फोन बंद करून चालू केला, दोन तास गेले. मग कळलं की साइट ती फाइल वाचतच नाही. ती वाचते तिच्या शेजारची 'मिन' नावाची, सगळ्या ओळी एकात दाबून बसवलेली आवृत्ती. उघडल्यावर ती एखाद्या पोत्यासारखी दिसते. त्या पोत्यात हात घालून बारा शोधले, सतरा केले. जमलं! काकूंचा फोन आला: "आता कसं, वर्तमानपत्रासारखं दिसतंय."

पुण्याहून मुलाने तेव्हाच सांगितलं होतं, "बाबा, प्लगिनच्या फाइलला हात लावायचा नसतो. अपडेट आलं की सगळं जाईल. चाइल्ड थीम करा." चाइल्ड थीम म्हणजे मूळ फाइलींना हात न लावता आपले बदल वेगळे ठेवणारी पोटथीम. मी म्हटलं, या प्लगिनला अपडेट येतं कधी? २.५ आवृत्ती २०१३ ची आणि २.६ थेट २०१९ ची. सहा वर्षं! आपण तेवढ्यात दुसरी गच्ची बांधू. त्या दोन्हींच्या मध्ये आणि नंतरही छोट्या दुरुस्त्यांच्या आवृत्त्या येतच असतात, आणि आपोआप अपडेटचं बटण मीच चालू ठेवलंय, हे सोयीस्कर विसरलो. मंगळवारी आली ती तसलीच एक छोटी.

मराठीत चर्चा चालवणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण यांचा त्रास इंग्रजीत लिहिणाऱ्याला कधी होतच नाही. नवीन विषयाच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं की शीर्षक जास्तीत जास्त ८० अक्षरांचं असावं. एका सदस्याने 'कढीपत्त्याची पानं पिवळी पडून गळतात, काय करू' असं टाकलं आणि शीर्षक फार लांब आहे म्हणून ते परत आलं. मोजा, ८० च्या जवळपासही नाही. झालं असं की ब्राउझर अक्षरं मोजतो आणि सर्व्हर बाइट, म्हणजे साठवणीची एककं, मोजतो. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं, काना-मात्रा-वेलांटीही वेगळं चिन्ह म्हणून धरायची. म्हणजे ऐंशीत सव्वीसच चिन्हं मावतात. दोन महिने लोक 'कढीपत्ता', 'कढीपत्ता मदत', 'कढीपत्ता २' अशी शीर्षकं देत होते आणि मला वाटायचं की लोक आळशी आहेत. फंक्शन्स फाइलमध्ये चार ओळींचा फिल्टर, म्हणजे मूळ आकडा बदलणारा कोड, टाकून मर्यादा २४० केली, तेव्हा सुटलो.

दुसरी गोष्ट पत्त्याची. विषयाचा वेब-पत्ता शीर्षकावरून तयार होतो आणि त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्केचिन्हांच्या भाषेत नऊ अक्षरांचं होतं. पत्त्याच्या या भागाला वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये जागा २०० ची. म्हणून बावीस चिन्हांनंतर पत्ता तोडला जातो. व्हॉट्सॅपवर तो पाठवला की टक्क्यांची गोधडी येते आणि समोरचा विचारतो, "हे काय, व्हायरस आहे का?" याचा दोष बीबीप्रेसवर टाकणार नाही, वर्डप्रेसमध्येच तसं आहे. मी महत्त्वाच्या विषयांचे पत्ते हाताने रोमनमध्ये छोटे करतो. कंटाळवाणं काम आहे, पण कुंडीतलं तण काढण्यापेक्षा बरं.

होस्टिंगवाल्यांशीही, म्हणजे साइटला सर्व्हरवर जागा भाड्याने देणाऱ्यांशीही, एकदा जुंपली. नाव घेत नाही, सगळे साधारण सारखेच असतात. एखाद्या विषयाचं सदस्यत्व घेतलेल्यांना नवं उत्तर आलं की ईमेल जातं. बीबीप्रेस एकच ईमेल काढतं. वरचा पत्ता आपल्याच साइटचा 'नोरिप्लाय', आणि सगळे सदस्य बीसीसीत. कोणाचा पत्ता कोणाला दिसत नाही, ही चांगली गोष्ट. पण तो नोरिप्लायचा डबा माझ्याकडे अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे प्रत्येक ईमेलमागे एक परत यायचं. वर होस्टिंगची ताशी मर्यादा. त्यात बीसीसीतलं प्रत्येक नाव वेगळं मोजलं जातं. पहिल्या पावसानंतर 'गोगलगायींचं काय करायचं' हा विषय असा पेटला की दुपारपर्यंत साइटचं ईमेल चोवीस तासांसाठी बंद. चॅटवरचा मुलगा गोड आवाजात टाइप करत होता, "सर, वरचा प्लॅन घ्या." वरचा प्लॅन म्हणजे दुप्पट पैसे, गोगलगायींसाठी! नोरिप्लायचा डबा उघडला, त्याला फुकट. ईमेल पाठवायला वेगळी सेवा जोडली, तीही सध्या फुकटच्या मर्यादेत बसते. वरचा प्लॅन घेतला नाही आणि घेणार नाही.

इथवर लिहून शेवटी 'दोन तारे, दुसरं काही शोधा' असं लिहिणार होतो. शोधलंही. डिस्कोर्स हे चर्चेचंच दुसरं सॉफ्टवेअर सुंदर आहे, फोनवर तर फारच. पण ते आपलं आपण चालवायचं तर वेगळा सर्व्हर लागतो, किमान एक जीबी रॅम, म्हणजे दरमहा वेगळं भाडं. आणि सदस्यांची खाती दोन ठिकाणी सांभाळायची नाहीतर ती जोडणी शिकायची. म्हटलं, आधी मुलाचं ऐकून बघू.

चाइल्ड थीम केली. हे आधीच का नाही केलं, असं वाटण्याइतकं सोपं निघालं, तरी एक खड्डा आहेच. चाइल्ड थीममध्ये 'सीएसएस' नावाचा फोल्डर करून त्यात त्याच नावाची फाइल ठेवली की बीबीप्रेस स्वतःची सोडून तुमची उचलतं. नाव 'मिन'सकट तंतोतंत हवं, नाहीतर पुन्हा दोन तास. आणि तुमची फाइल आली की मूळची अजिबात येत नाही. मी फक्त बदललेल्या ओळी ठेवल्या, तर सगळी चर्चा कोसळून एका उभ्या यादीत आली, जणू वाणसामानाची चिठ्ठी. म्हणजे पूर्ण फाइलची नक्कल घ्या, मग बदल करा. नाहीतर माझ्यासारखे शेवटी शहाणे व्हा आणि फाइलच्या भानगडीतच पडू नका. वर्डप्रेसच्या कस्टमायझरमधल्या, म्हणजे रूप बदलायच्या पडद्यावरच्या, जादा सीएसएसच्या खिडकीत सात-आठ ओळी पुरतात. फक्त बाहेरच्या चौकटीला १७ देऊन भागत नाही. विषयांची यादी, उत्तरांची यादी, शोधाचे निकाल, प्रत्येकाला बारा पुन्हा वेगळे ठोकलेले आहेत, त्या सगळ्यांची नावं घ्यावी लागतात. ओळींमधलं अंतर १.७ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना धडकतात. फॉन्ट टिरो देवनागरी मराठी घेतला. फुकट आहे आणि त्यात पाकळीचा ल, देठाचा श येतो, हिंदी वळणाचे नाहीत. शासनाने २००९ च्या निर्णयात हीच वळणं मराठीसाठी सांगितली आहेत. इतर कोणी पाळो न पाळो, आमच्या गच्चीवर पाळतो.

मग हात मोकळा झाला. चर्चेची पानं थीमच्या साध्या पानाचा साचा वापरतात, पण बीबीप्रेस डॉट पीएचपी नावाची फाइल चाइल्ड थीममध्ये ठेवली की ती आधी घेतली जाते. त्यातून बाजूचा रकाना काढून टाकला. संगणकावर उघडणाऱ्यांना अख्खी रुंदी मिळाली, आणि फोनवर चर्चेच्या शेपटाला लोंबणारी जुन्या लेखांची यादी गेली. मी एवढा खूश झालो की रात्री साडेअकराला मुलाला फोटो पाठवला. त्याने अंगठा दाखवला. पुढची पिढी कौतुकात काटकसर करते.

आणि एक गोष्ट मी आठ महिने वापरतोय, पण तिला कधी गुण दिले नाहीत: विषय तोडणं आणि जोडणं. काकू गुलाबाच्या चर्चेत मधेच विचारतात, "माझ्या लिंबाला फळ का धरत नाही?" ते उत्तर उचलून त्याचा वेगळा विषय करता येतो, त्याखालची उत्तरंही सोबत नेता येतात. कढीपत्त्याचे तीन विषय एकात विलीन केले. व्हॉट्सॅपवर हे स्वप्नातही शक्य नाही. प्रत्येक विषय, प्रत्येक उत्तर वर्डप्रेसच्या लेखांच्याच टेबलात बसतं, म्हणून साइटचा रोजचा बॅकअप घेतला की चर्चाही त्यात आली. वेगळं काही सांभाळावं लागत नाही.

तक्रारी उरल्यात. साइटच्या नेहमीच्या शोधखिडकीत चर्चेतलं काही सापडत नाही, त्याची शोधखिडकी वेगळी, हे मी दर आठवड्याला कोणाला तरी सांगतो. फोटो चढवायची सोय मुळात नाहीच, वेगळं प्लगिन लागतं. आणि बागेच्या चर्चेत फोटो नसेल तर पान पिवळं की पोपटी, यावरच वीस उत्तरं होतात. दोन तारे खोडून साडेतीन करतो. अर्धा तारा बारा पिक्सेलचा कापलाय आणि तो परत मिळणार नाही.

बीबीप्रेसचं मराठी भाषांतर जवळजवळ पूर्ण झालंय. एकच शब्द अडलाय. विषयांच्या यादीत 'व्हॉइसेस' असा एक रकाना असतो, म्हणजे त्या चर्चेत किती वेगवेगळे लोक बोलले. आधी 'आवाज' लिहिलं, तर 'गोगलगायी, आवाज २३' असं दिसायला लागलं आणि काकूंनी विचारलं, गोगलगायीला कुठला आलाय आवाज? सध्या 'माणसं' ठेवलंय. चांगला शब्द सुचला तर सांगा, पण छोटा हवा, फोनवर तो रकाना जेमतेम पाच अक्षरांचा आहे.