प्रजननसंस्थेच्या प्रतिकृतींचा संच: दहावीच्या वर्गासाठी कितपत उपयुक्त?

अमळनेर तालुक्यातील आमच्या माध्यमिक शाळेने गेल्या वर्षी प्रयोगशाळेसाठी मानवी प्रजननसंस्थेच्या दोन प्रतिकृती जळगावच्या एका शैक्षणिक साहित्य विक्रेत्याकडून घेतल्या. एक स्त्रीची आणि एक पुरुषाची. दोन्ही प्लास्टिकच्या, प्रत्यक्ष आकाराच्या आहेत. कटिभाग मधोमध उभा कापल्यावर आतली रचना जशी दिसेल तशी त्या दाखवतात आणि चुंबकाने बसवलेले भाग सुटे करता येतात. वर्षभर शिकवताना वापरल्यावर माझे मत असे झाले आहे की स्त्री-प्रतिकृती प्रत्येक शाळेने घ्यावी, पुरुष-प्रतिकृती मात्र तपासूनच घ्यावी.

पाठ्यपुस्तकातील आकृती समोरून काढलेली असल्यामुळे गर्भाशय ताठ उभे असते, अशी मुलांची समजूत होते. स्त्री-प्रतिकृतीत पुढे मूत्राशय, मागे मलाशय आणि दोहोंच्या मध्ये, बहुतेक स्त्रियांमध्ये असते तसे, मूत्राशयावर पुढे झुकलेले गर्भाशय एका दृष्टिक्षेपात दिसते. गरोदरपणात वारंवार लघवीला का जावे लागते, हे एका विद्यार्थिनीने प्रतिकृतीकडे पाहून आपण होऊन सांगितले. मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार ही तीन द्वारे वेगळी आहेत, हेही त्यातून स्पष्ट होते. पाळी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झालेल्या मुलींनाही ही गोष्ट ठाऊक नसते आणि घरी ती कोणी सांगत नाही, म्हणून केवळ एवढ्यासाठीदेखील हा खर्च सार्थ आहे असे मला मनापासून वाटते. गर्भाशयाची लांबी जेमतेम ७.५ सेंटिमीटर आणि अंडाशयाची सुमारे ३ सेंटिमीटर आहे, हे पाहून मुले चकित होतात.

दोष दोन आहेत. अंडाशय आणि अंडनलिकेचे झालरीसारखे टोक एकाच तुकड्यात ओतलेले आहे. प्रत्यक्षात अंडे अंडाशयाच्या पृष्ठभागावरून बाहेर पडते, ती झालर त्याला नलिकेत ओढून घेते आणि फलन नलिकेच्या रुंद भागात होते, गर्भाशयात नव्हे. नलिकेचा तो रुंद भाग मी लाल रंगाने दाखवून घेतला आहे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे: शिश्निका (क्लिटोरिस, स्त्रीच्या जननेंद्रियातील संवेदनशील अवयव) केवळ एका ठिपक्याएवढी दाखवली आहे. तिचा बहुतांश भाग शरीराच्या आत असतो, हे ऑस्ट्रेलियातील मूत्ररोग शल्यविशारद हेलन ओकॉनेल यांनी १९९८ मध्ये सविस्तर मांडले. इतक्या वर्षांनंतरही साचा जुनाच वापरला जात असेल, तर ती उत्पादकाची अनास्था आहे.

पुरुष-प्रतिकृतीत पुरःस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) मूत्रमार्गाला वेढून असलेली उत्तम दिसते, त्यामुळे ती वाढली की म्हाताऱ्या माणसांना लघवीला त्रास का होतो हे समजावणे सोपे जाते. परंतु शुक्रवाहिनी जघनास्थीपाशी (कटिभागाच्या पुढच्या हाडापाशी) येऊन अर्धवट थांबते. ती वृषणकोशातून वर चढून, मूत्राशयाला वळसा घालून, शुक्राशयाच्या नलिकेला मिळते. हा मार्गच तुटलेला असेल, तर नसबंदीत नेमके काय कापले जाते आणि त्यानंतरही वीर्यस्खलन का होते, हे मुलांना कळणार कसे? वीर्यातील बहुतेक द्रव शुक्राशय आणि पुरःस्थ ग्रंथीतून येतो, शुक्रपेशींचा वाटा अत्यल्प असतो, हे मला शेवटी फळ्यावर आकृती काढूनच सांगावे लागले. अधिवृषण, म्हणजे वृषणाला लागून असलेली गुंडाळलेली नळी, उलगडले तर सुमारे ६ मीटर भरते, याचीही कल्पना येथे येत नाही. वृषणकोश शरीराबाहेर आहे हे मात्र नीट दाखवले आहे. शुक्रपेशी तयार होण्यासाठी शरीराच्या तापमानापेक्षा २ ते ३ अंशांनी कमी तापमान लागते, हा मुद्दा आमच्या कडक उन्हाच्या भागातील मुलांना लगेच पटतो.

उन्हाचा प्रश्न प्रतिकृतींनाही आहे. पत्र्याच्या छपराखालील बंद खोलीत मे महिना काढल्यावर स्त्री-प्रतिकृतीवरील रंग चिकट झाला आणि एक चुंबक निखळला. विक्रेत्याने तो बदलून देण्यास नकार दिला. सोबतचा माहितीतक्ता केवळ इंग्रजीत आहे, म्हणून क्रमांकांनुसार मराठी नावांचा तक्ता मला हाताने तयार करावा लागला. घेणाऱ्यांनी दुकानातच सर्व भाग सुटे करून पाहावेत, शुक्रवाहिनीचा मार्ग बोटाने शेवटपर्यंत तपासावा आणि सुट्या भागांची हमी पावतीवर लिहून घ्यावी.